आजोळच्या ट्रंकेतली साहेबी चांदी: पेले, फ्लास्क, बाटलीच्या पाट्या. आटवायची का ठेवायची?

राजारामपुरीची:
नमस्कार मंडळी. थोडं लांबडं लिहितेय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं. आजी दोन महिन्यांपूर्वी गेली. तिच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या घराची आवराआवर चाललीय आणि माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली. जुन्या धोतरात गुंडाळलेली चांदीची भांडी निघाली, पण आपली नव्हेत, म्हणजे तांब्या, पंचपात्र, अत्तरदाणी असलं काही नाही, सगळं साहेबी. आईचे आजोबा रेसिडेन्सीत कारकून होते, १९४७ ला साहेब लोक निघाले तेव्हा एकानं घरसामान विकलं त्यातलं हे घेतलेलं, एवढंच आईला माहीत आहे. घर माळकरी, त्यात १९४९ ला दारूबंदीचा कायदा आला, मग पणजीनं हे जे वर टाकलं ते टाकलंच.

तर आहे काय: सरळ उभे पेले ६, चकचकीत, जड. खिशात ठेवायचा दारूचा चपटा फ्लास्क १. चहाचे चमचे ६. मोठ्या मुठीच्या सुऱ्या ८, मूठ चांदीची आणि पातं पोलादी. बोटाएवढ्या वाकलेल्या छोट्या पाट्या ३, प्रत्येकीला साखळी, त्यावर इंग्रजीत पोर्ट, शेरी आणि मडीरा असं कोरलंय, एकीची साखळी तुटलीय. आणि एक नरसाळं आहे ज्याची नळी खाली एका बाजूला वाकडी आहे, आत चाळणी. हे कशाचं ते कुणालाच कळेना, मावशी म्हणते औषधाचं असणार.

गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, एका दुकानात नेलं. त्यांनी सगळं टंच मशीनवर धरलं, ते शंभरात चांदी किती ते दाखवतं. पेले ९८.६, फ्लास्क ९२.४, चमचे आणि पाट्या ९२ ते ९३, नरसाळं ९४. दुकानदार म्हणाले पेले एक नंबर, बाकीच्यात भेसळ आहे, सगळं आटवून चोख चांदी घेऊन जावा, भाव चढलाय, अशी वेळ परत यायची नाही. त्याप्रमाणे घरात वजनावर वाटणी पण झाली. मामा थोरला म्हणून पेले त्याला, सुऱ्या आणि चमचे मावशीला, उरलेलं बारीकसारीक आईला. मामा सोमवारी पेले आटणीला देणार आहे.

मला मात्र आतून बरं वाटेना झालंय. फ्लास्कच्या बुडाला एवढुसे शिक्के आहेत, एक चालणारा सिंह, एक नांगर (जहाजाचा), एक बारका एम, आणि दोन अक्षरं. पेल्यांखाली पण चार चौकोनात काहीतरी वळणदार अक्षरं आहेत. कुणाला यातलं कळतं का? आणि घासायचं कशानं, आईनं चिंच भिजत घातलीय.

कसोटीचा_दगड:
ताई, आधी मामांना फोन करा आणि आटणी थांबवा, मग पुढचं वाचा.

मी सराफी पेढीवर २२ वर्षं काढलीत म्हणून सांगतो. मशीन खोटं बोलत नाही पण ते फक्त वरवरचं बघतं, अगदी पातळ थराच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. आणि विजेवर चढवलेला मुलामा जवळजवळ चोख चांदीचाच असतो. म्हणजे ९८.६ हा आकडा बघून मला आनंद नाही झाला, शंका आली. विलायती स्टर्लिंग मुळातच १००० ला ९२५ असतं, उरलेलं बहुतेक तांबं, कारण चोख चांदी इतकी मऊ की चमचा बोटानं वाकतो. म्हणून ९२ म्हणजे भेसळ हे डोक्यातून काढून टाका, तो त्या मालाचा ठरलेला दर्जाच आहे. जुन्या भांड्यावर ९३, ९४ दिसतं ते पण बरोबर आहे, घडवताना तापवून आम्लात काढतात तेव्हा वरवरचं तांबं निघून जातं आणि कातडीवर चांदी थोडी जास्त दिसते. तुमचं नरसाळं तसंच असणार.

आता पेल्याला कुणालाही कानस मारू देऊ नका. घरात करायचं सांगतो. पहिलं पेल्याचं वजन करून लिहून ठेवा. मग किचनच्या वजनकाट्यावर पाण्याचं मोठं पातेलं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पेला दोऱ्यानं बांधून आडवा करून पाण्यात पूर्ण बुडवा, आत हवा राहता कामा नये, आणि पातेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हातात लोंबकळतच धरा. काट्यावर जो आकडा येईल त्यानं पेल्याच्या वजनाला भागायचं. दहाच्या वर, १०.३ च्या आसपास आलं तर स्टर्लिंग. ८.७ वगैरे आलं तर आत चांदीच नाही, जर्मन सिल्व्हर आहे. आपल्याकडं जर्मनची भांडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, हे ते नव्हे, हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, चांदी शून्य. चमचे सगळे एकत्र बांधून करा, एकेकट्याला काटा नीट पकडणार नाही.

सुऱ्यांचं पण ऐका. मूठ पोकळ असते, वर पत्र्यासारखी पातळ चांदी आणि आत राळ नाहीतर लाखेसारखा भराव, त्यात पोलादी पात्याचं शेपूट बसवलेलं. मावशींच्या वाट्याला वजनावर चांदी म्हणून दिलंय त्यात बरंचसं राळ आणि लोखंड आहे. कृपा करून ही वाटणी परत करा.

डेक्कनचा_संग्राहक:
नरसाळ्याचं वाचून उठून बसलो! औषधाचं नाही, ते वाइनचं नरसाळं आहे. जुन्या वाइनच्या तळाला गाळ बसतो, म्हणून ती बाटलीतून काचेच्या डिकँटरमध्ये, म्हणजे टेबलावर ठेवायच्या सुरईत, ओतून घ्यायची पद्धत. चाळणी गाळ अडवायला, आणि नळी वाकडी अशासाठी की वाइन मधोमध धबकन न पडता काचेच्या कडेनं ओघळत उतरावी. चाळणीचा भाग वेगळा निघतो का बघा आणि निघाला तर दोन्ही भागांवर शिक्के शोधा, ते जुळले तर फार चांगलं, कारण एकाची चाळणी दुसऱ्याच्या नरसाळ्यात असं खूप ठिकाणी झालेलं असतं.

पाट्यांचं सांगतो, मी गेली पंधरा वर्षं त्याच जमवतो त्यामुळे थोडं जास्त लिहिलं जाईल. डिकँटरवर कागद चिकटवलेला नसायचा, आत पोर्ट वाइन आहे का शेरी हे कळावं म्हणून गळ्यात ही पाटी अडकवायची. इंग्लंडात १७३० च्या दशकापासून या दिसतात. १८६० नंतर सुट्या बाटल्या कागदी लेबल लावून विकायला लागले आणि पाट्यांची गरज हळूहळू संपली. मडीरा म्हणजे आपली मदिरा नव्हे बरं, पोर्तुगालच्या ताब्यातलं अटलांटिकमधलं बेट आहे त्याच्या नावाची वाइन. तिची पिंपं जहाजातून उष्ण समुद्रातनं हिंदुस्थानपर्यंत हेलकावत यायची, आणि त्या उष्णतेनं ती बिघडायच्या ऐवजी सुधारते असं लोकांच्या लक्षात आलं. म्हणून इकडच्या साहेबांच्या घरी मडीराची पाटी असणं अगदी साहजिक आहे.

तुमच्या पाट्यांच्या मागं भिंग लावून बघा. सिंहाशेजारी राजाचं डोकं आहे का? असलं तर त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते सांगा. चांदीवर कर भरल्याची ती खूण होती, १७८४ ते १८९० एवढाच काळ मारत होते. तोंड उजवीकडं असेल तर माल १७८६ ते १८३७ मधला, कारण १८३७ नंतर व्हिक्टोरिया राणी आली आणि तिचं तोंड डावीकडं.

फ्लास्क: चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, तिथलं तपासणी कार्यालय १७७३ ला सुरू झालं. लंडन असतं तर बिबट्याचं तोंड असतं, शेफील्डला मुकुट (१९७५ पासून गुलाब), एडिंबराला किल्ला. एक अक्षर असतं ते वर्षाचं, दरवर्षी बदलतं आणि वर्णमाला संपली की ठसा बदलून परत पहिल्यापासून. बर्मिंगहॅमला १९०० मध्ये लहान ए पासून सुरू झालं, त्या हिशोबानं लहान एम म्हणजे १९११. त्याआधीच्या दोन फेऱ्यांतला एम असता तर राणीचं डोकं असायलाच पाहिजे होतं, तुम्ही डोक्याचा उल्लेख केला नाहीत म्हणून १९११ धरतो, फोटो टाकलात तर खात्रीनं सांगेन. दोन अक्षरं आहेत ती कारागिराची नाहीतर कंपनीची. फक्त एवढं जपा की नुसता नांगर आणि सिंह बघून इंग्लंड ठरवायचं नाही, अमेरिकेतल्या गोरहॅम कंपनीची खूण पण सिंह, नांगर आणि जी अशीच आहे, मी सुरुवातीला त्यात फसलोय.

पेल्याखालची चार चौकोनातली वळणदार अक्षरं, ती ई पी एन एस असणार असं वाटतंय. म्हणजे निकेल सिल्व्हरवर (वर सांगितलेलं जर्मन सिल्व्हर तेच) विजेचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं त्याचं पेटंट १८४० ला घेतलं आणि मग मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीसारखं दिसणारं सगळं आलं. अक्षरं मुद्दाम अशा चौकटीत मारायचे की लांबून शिक्क्यासारखी दिसावीत. पेल्याच्या काठावर, जिथं ओठ लागतात तिथं, पिवळसर करडा रंग डोकावतोय का उजेडात बघा.

साधा_हिशोबी:
सगळं खरं असेल पण एक विचारतो. कोल्हापुरात या पाट्या घेणार कोण? मुंबईला चोर बाजारात नेल्या तर तो पण वजनावरच मागतो. भाव चढलेला असताना चांदी विकून एफडी केली तर त्यात वाईट काय? भावना वेगळ्या आणि व्यवहार वेगळा.

डेक्कनचा_संग्राहक:
व्यवहारानंच बोलू. एका पाटीचं वजन १० ते १२ ग्रॅम असेल. आटवली तर तीन पाट्यांचे मिळून चांगल्या हॉटेलात घरच्यांचं एक जेवण होईल एवढे पैसे येतील. तीच पाटी जमवणाऱ्याकडे गेली तर चांदीच्या भावाशी तिचा संबंध उरत नाही, ठसा किती स्पष्ट, कोरीव काम कुणाचं, नाव कुठलं, यावर ठरतं. फ्लास्क, चमचे यांचं तसं नाही, साधे चमचे खूप आहेत, ते वजनाच्या थोडेच वर जातात, त्यामुळे चमचे मोडले तर मी भांडणार नाही. घेणारे आहेत, पुण्या-मुंबईतले लिलाववाले आहेत, आम्ही आपसातही घेतो. आणि घाई नसेल तर आत्ताच विकायचं कशाला, चांदी कुठं जात नाही.

अजून एक, कुणी म्हणेल लंडनला पाठवा तिकडं जास्त येतील. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. फ्लास्क आणि पाट्या दोन्ही त्यात बसतील. नातेवाइकाच्या बॅगेतनं पाठवायच्या भानगडीत पडू नका.

कृष्णाकाठ:
मी यातली जाणकार नाही पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सासऱ्यांकडं एक मग होता, सगळ्या अंगावर वेलबुट्टी, त्यात हरणं, पक्षी, शिकारी, बोट ठेवायला जागा नाही इतकं दाट काम. खाली सिंहबिंह काही नव्हतं, फक्त ओ एम एवढंच. शिक्का नाही म्हणजे चांदी हलकी असं सांगून दुकानदारानं तो आटवला, आम्हीच हो म्हणालो. नंतर बऱ्याच वर्षांनी कळलं की कच्छमध्ये भूजला ओमरसी मावजी म्हणून कारागीर होता, कच्छच्या दरबाराचं काम करायचा, त्याची ती खूण. हिंदुस्थानात घडलेल्या मालावर विलायतेसारखे सरकारी शिक्के नसायचेच. ताई, तुमच्या ट्रंकेत शिक्का नसलेलं काही असेल तर ते पण बाजूला ठेवा.

राजारामपुरीची:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईच्या किचनमध्ये सगळं केलं.

पेला १७४ ग्रॅम, पाण्यात धरल्यावर काटा २०. म्हणजे ८.७. दुसरा पेला घेतला, तेवढंच. सहा चमचे एकत्र १२४ ग्रॅम, काटा १२, म्हणजे १०.३. पेल्याखालची अक्षरं मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचली, ई पी एन एस आणि पुढं ए१ (मुलाम्याची प्रत). आणि दोन पेल्यांच्या काठाला खरंच पिवळट झालंय, आम्हाला ते डाग वाटले होते.

मामाला सांगताना मला फार जड गेलं. तो एक मिनिट काही बोललाच नाही. मग म्हणाला बरं झालं सोमवारच्या आत कळलं. पण आता आईला झोप नाही, कारण वजनावर वाटून तिच्या वाट्याला सगळ्यात कमी आलं होतं आणि निघालं असं की खरं जे काय आहे ते बहुतेक तिच्याचकडं. ती म्हणते मी भावंडांचं घेतल्यासारखं झालं. रविवारी तिघं परत बसणार आहेत.

पाट्यांच्या मागं डोकं आहे! पोर्ट आणि शेरीवर तोंड उजवीकडं, स्पष्ट. मडीरावर मात्र डोकं नाही, सिंह आणि दोन अक्षरं, तेही झिजलेले. नरसाळ्याची चाळणी निघते, दोन्ही भागांवर शिक्के आहेत आणि अक्षर पण सारखंच आहे. धोका नको म्हणून चिंच फेकून दिली, पण मग घासायचं कसं? आणि तुटलेली साखळी कोण जोडून देईल? इथल्या एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले झाळून देतो दहा मिनिटांत, मी परत आणली.

डेक्कनचा_संग्राहक:
उजवीकडं तोंड! म्हणजे त्या दोन पाट्या कमीत कमी पावणेदोनशे वर्षांच्या वरच्या. मडीराची काळजी करू नका, इतक्या लहान वस्तूवर सगळे शिक्के बसलेच पाहिजेत असं नाही, आणि ती वेगळ्या हातची असेल तरी चालतं. तिच्यावर तोंडाची वाफ सोडून बघा, आरशावर सोडतो तशी. आधी कुणी नाव खोडून नवीन कोरलं असेल किंवा कुठं डाख (धातू वितळवून केलेला जोड) लावलेला असेल तर वाफेत ती जागा वेगळी उठून दिसते. फ्लास्कवर पण करा, कुणाची तरी अक्षरं घासून काढलेली असतील तर तिथला पत्रा पातळ झालेला असतो, अंगठ्यानं दाबून कळतो. आणि पेले मुलाम्याचे निघाले म्हणून फेकू नका, चांगले पेले आहेत, वापरा.

हुपरीचा_कारागीर:
ताई, परत आणली ते लई चांगलं केलंसा. दहा मिनिटांत झाळून देतो म्हणजे शिशाचा डाख. शिसं एकदा लागलं की नंतर ती जागा तापवली की शिसं चांदीत शिरतं, भोक पडतं, आणि मग कुणीच नीट करू शकत न्हाई. आमच्याकडं जुनी भांडी येत्यात त्यातली निम्मी अशीच नासवलेली असत्यात, बघून जीव तुटतो. साखळीला चांदीचाच डाख पायजे. बारीक कडी करून, तोंड जुळवून, फक्त तेवढ्याच जागी ज्योत. आमच्या गावात पैंजणाच्या साखळ्या जोडण्यात बायकांचे हात असे बसलेत की जोड सापडत न्हाई. पण पाटी साखळीपास्नं सोडवून घ्यायची, पाटीला आग लागता कामा नये, आणि नंतर ब्रशच्या मोटरला तर अजिबात लावायची न्हाई, दोनशे वर्षं राहिलेला शिक्का एका मिनिटात उडतो.

घासायचं इचारलंत. तांब्या-पितळेची पावडर नको, रांगोळी नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच, त्यानं ओरखडे पडत्यात. कोमट पाणी, थेंबभर भांड्याचं लिक्विड, मऊ कापड, आणि लगेच कोरडं करायचं. काळं जास्त असलं तर चांदीचं क्रीम मिळतं ते कापसानं, हलक्या हातानं. फॉइल आणि सोडा टाकून गरम पाण्यात बुडवायचा व्हिडिओ सगळे बघत्यात, काळं जातं खरं, पण नक्षीच्या खोबणीतलं काळं पण जातं आणि काम सपाट दिसाय लागतं. खोबणीतलं राहू द्या, त्यानंच नक्षी उठते. सुऱ्यांची मूठ गरम पाण्यात कधीच न्हाई, आतली राळ पातळ होऊन पातं हलाय लागतं.

ठेवायचं कसं ते पण सांगतो, आपल्याकडं पावसाळा केवढा. धुतलेल्या सुती कापडात एकेक वेगळं गुंडाळा. रबर लावू नका, वर्तमानपत्र नको, लोकरी कापड नको, त्यातल्या गंधकानंच चांदी काळी पडते. डब्यात खडूचे दोनचार तुकडे टाका, दमट ओढून घेत्यात. आणि मीठ चांदीला लई वाईट, खड्डे पाडतं.

साधा_हिशोबी:
वजनाचा मुद्दा मान्य. एक पाटी आटवून एवढेच येणार असतील तर ठेवणंच बरोबर. आमच्या घरी आजोबांचे दोन कँडलस्टँड आहेत, चांदीचे म्हणून जड आहेत, त्याचं पण असंच पाण्यात बघता येईल का?

कसोटीचा_दगड:
कँडलस्टँडला तो प्रयोग करू नका. बुडात पलटून बघा, हिरवी बनात (जाड लोकरी कापड) किंवा पत्र्याचं झाकण असेल तर आत भराव आहे, पडू नये म्हणून जड केलेला. पाणी आत गेलं तर भराव फुगेल. शिक्के वाचा, बाजूच्या पत्र्यावर आणि वरच्या वाटीवर दोन्हीकडं असायला पाहिजेत. त्यांचं एकूण वजन चांदीचं म्हणून कधीही धरू नका.

राजारामपुरीची:
रविवारी तिघं बसले, आजीच्याच घरात, जमिनीवर सतरंजी टाकून, मध्ये सगळी भांडी. वजनकाटा मामानं आतच ठेवला. चमचे तिघांत दोन दोन. फ्लास्क मामाला, त्याला १९११ चं ऐकल्यापासून तो हातातनं ठेवेना. सुऱ्या मावशीनं स्वतःहून ठेवून घेतल्या, म्हणाली राळ असू दे, आईनं पुसलेल्या आहेत. पेले प्रत्येकी दोन, रोजच्या पाण्याला. पाट्या एकेक करायच्या का एकत्र ठेवायच्या यावर बराच वेळ गेला, शेवटी ठरलं की वेगळ्या करायच्या नाहीत, नरसाळ्याबरोबर एका डब्यात आईकडं राहतील आणि कुणाला बघायच्या असतील त्यानं यायचं.

मडीराच्या पाटीवर वाफ सोडली, नावाच्या खाली अजून एका नावाची पुसट अक्षरं दिसली, सुरुवातीचं अक्षर एल असावं, पुढचं लागेना. संग्राहक दादा, फोटो टाकतेय, बघून सांगा. हुपरीच्या दादांना निरोप, गुरुवारी आईला घेऊन येते, पाटी सोडवून फक्त साखळीच आणते.